ब्रुनची नोंद: कवच जमलं, जाळी बाकी

ब्रुनचं, म्हणजे मुंबईच्या इराणी कॅफेंतल्या कडक पावाचं कवच घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) यायला लागलंय. गार झालेला ब्रुन दोन्ही तळव्यांत धरून हलकेच दाबला की करकर आवाज येतो, सुरीने आडवा कापताना चुरा ताटभर उडतो, आणि मस्का लावून चहात बुडवला तरी वरची कड थोडा वेळ तग धरते. आतली जाळी, म्हणजे मऊ भागातली भोकांची वीण मात्र अजून घट्ट आहे. ही नोंद या दोन्हींबद्दल, आणि मधल्या काळात घरात सुरू झालेल्या मावा केकबद्दलही.

आधी माझं माप कुठलं ते सांगते. माझ्या ब्रुनचं माप धोबीतलावला आहे. जेर महाल इस्टेटमधलं कयानी १९०४ सालचं, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ससानियन १९१३ चं, आणि ग्रँट रोड स्टेशनबाहेरचं बी. मेरवान १९१४ चं. याझ्द आणि केरमानकडून आलेल्या इराणी झरतुष्ट्री मंडळींनी मुंबईत जी खाण्याची ठिकाणं काढली, त्यांतली ही तीन दहा वर्षांच्या अंतरात उघडलेली. शंभर वर्षं उलटून गेली तरी ऑफिसला जाता जाता बसून एक ब्रुन आणि एक चहा घेता येतो, ही मला या शहराची फार मोठी गोष्ट वाटते.

शनिवारी सकाळी बाहेर खायचं आणि रविवारी घरी भाजायचं, असा माझा क्रम आहे. मध्ये एकच रात्र जात असल्याने चव जिभेवर ताजी असते. ऑर्डर देताना मस्का वेगळा मागते. मस्का आधीच लावलेला असला की कापलेली बाजू झाकली जाते आणि मला नेमकी तीच बघायची असते. ब्रुन उचलला की पहिलं कळतं ते वजन. आकाराच्या मानाने तो हलका असतो, म्हणजे भाजताना आतलं पाणी बरंच निघून गेलेलं असतं. मग तो उलटा करून बूड बघते. चांगल्या ब्रुनचं बूड वरच्या बाजूइतकंच पक्कं असतं, मधोमध बोट दाबलं तरी खचत नाही. आतला भाग पांढरा, बारीक आणि बऱ्यापैकी एकसारख्या जाळीचा, आणि तोडला की कापसासारखा सुटणारा. मोठमोठी भोकं मिरवणाऱ्या फ्रेंच पावाच्या मागे लागलेल्यांनी हे लक्षात घ्यावं. ब्रुनला ती भोकं नको आहेत, त्यातून मस्का गळतो.

वेळही महत्त्वाची. सकाळचा ब्रुन आणि दुपारी चारचा ब्रुन हे दोन वेगळे पदार्थ आहेत, पावसाळ्यात तर फारच. आतल्या जाळीतला ओलावा हळूहळू बाहेर कवचाकडे सरकतो, बाहेरची दमट हवाही त्यात भर घालते, आणि दोन्हींच्या मध्ये सापडलेलं कवच चिवट होतं. तुमचा ब्रुन तासाभरात मऊ पडत असेल तर पाककृतीला दोष देण्याआधी हवा बघा. जुलैत मुंबईत कुठलंच कवच फार काळ टिकत नाही. खायच्या आधी १८० अंशांवर पाच मिनिटं परत तापवलं की करकर परत येते. कॅफेत ती टिकून असते, कारण तिथे ब्रुन पडून राहतच नाही.

आता पीठ. सध्याचं प्रमाण असं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३१० ग्रॅम, मीठ ९, साखर ५, इन्स्टंट यीस्ट ३ आणि तेल जेमतेम चमचाभर. दूध, दुधाची पावडर आणि लोणी यांना यात जागा नाही. लादी पावाला जे जे लागतं ते ब्रुनला मारक आहे. दूध आणि जास्त साखर घातली की वरचा रंग लवकर चढतो, मग आपण पाव लवकर बाहेर काढतो आणि आत ओल राहून जाते. रंग बघून फसायचं नसेल तर पीठ साधं ठेवा. आतलं तापमान ९६ अंशांच्या वर गेलं की ब्रुन शिजला, पण तो कडक झालेला नसतो. ते काम पुढे.

मैद्याचं एक सांगायला हवं. किराणा दुकानातला सुटा मैदा आणि पाकीटबंद मैदा यांत प्रथिनांचा फरक असतो, आणि आपल्या मैद्यात ती साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतात. परदेशी पाककृतींतलं, मैद्याच्या वजनाच्या ७०-७५ टक्के पाणी या मैद्याला पेलत नाही, पीठ ओघळतं. ६२ टक्क्यांवर ते हाताला किंचित चिकटतं, पण उंडा (पावासाठी वळलेला पिठाचा गोळा) उभा राहतो. बेकऱ्यांमध्ये पूर्वी पाव फुगावा म्हणून पोटॅशियम ब्रोमेट वापरलं जायचं. २०१६ साली त्यावर बंदी आली. घरी आपल्याला त्याची गरजच नाही, आपल्याकडे वेळ आहे. मळून झाल्यावर दर अर्ध्या तासाने पीठ चारही बाजूंनी ओढून घडी घालायची, असं तीनदा. चौथ्या वेळी हात लावल्यावर पीठ तुकतुकीत आणि ताणलेलं लागतं.

मुंबईच्या उन्हाळ्यात पाव करणाऱ्यांसाठी सगळ्यांत उपयोगाचं यंत्र म्हणजे थर्मामीटर. मळून झालेलं पीठ २६ अंशांवर असावं. त्यासाठीचा हिशोब साधा आहे: २६ ला ३ ने गुणा, ७८ आले. त्यातून खोलीचं तापमान वजा करा, मैद्याचं वजा करा, आणि मळताना घर्षणाने जी ऊब येते तिचे हाताने मळत असाल तर दोनेक अंश वजा करा. मे महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात ३२ अंश असतात आणि डब्यातला मैदा ३१ वर असतो. उरले १३. म्हणजे पाणी फ्रिजमधलं, त्यात बर्फाचा एखादा खडा. मिक्सरमध्ये मळत असाल तर आणखी गार. हा हिशोब पाळायला लागल्यापासून पीठ फुगायला लागणारा वेळ दर रविवारी सारखाच येतो, आणि वेळ सारखी आली की बाकीच्या गोष्टी तपासता येतात. नाहीतर एकाच वेळी सगळंच बदलत राहतं आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही.

चव मात्र थेट यीस्टने येत नाही. आदल्या दिवशीच्या पिठाचा साधारण शंभर ग्रॅमचा गोळा मी झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवते आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठात मळून टाकते. त्याने हलकासा आंबूस, धान्याचा वास येतो. गोव्यात पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पावाचं पीठ ताडीवर फुगवत. ती चव आणखी वेगळी, पण मुंबईच्या फ्लॅटमध्ये ताजी ताडी कुठून आणायची? कालचं पीठ हा आपल्या आवाक्यातला मार्ग.

आता वाफ. सगळी गोम इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर. भट्टीत एकाच वेळी भरपूर पाव जातात आणि तोंड बंद होतं. त्या सगळ्या पावांतून निघालेली वाफ आतच कोंडते. पहिल्या काही मिनिटांत ही वाफ पावाच्या गार पृष्ठभागावर बसते, त्यामुळे वरची त्वचा लगेच सुकत नाही आणि पाव मनासारखा फुगतो. त्याच वेळी पृष्ठभागावरचा स्टार्च शिजून त्याचा पातळ थर तयार होतो, आणि वाफ गेल्यावर तोच थर सुकून काचेसारखा तडकतो. ओटीजीत चार ब्रुन ठेवले तर वाफ ती किती होणार! शिवाय असते तीही दाराच्या फटीतून निसटते.

तळाशी उकळत्या पाण्याची ताटली ठेवायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. ओटीजीत मला तो आवडत नाही. खालचे रॉड उघडे असतात, त्यांवर पाणी सांडणं धोक्याचं, आणि तापलेल्या काचेवर थेंब पडला तर काच तडकू शकते. मी वापरते तो उपाय म्हणजे बिडाचा तवा आणि स्टीलचा टोप. तवा जाळीवर ठेवून ओटीजी २३० अंशांवर चाळीस मिनिटं तापवायचा. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे तापलं असं धरू नका, दिवा हवेचं तापमान सांगतो, तव्याचं नाही. उंडे बेकिंग पेपरवरच फुगवायचे, वर ब्लेडने एक उभी चीर द्यायची, कागदासकट तव्यावर सरकवायचे आणि लगेच टोप उपडा घालायचा. टोपाला प्लास्टिकची मूठ नको आणि त्याची उंची वरच्या रॉडला लागणार नाही इतकी हवी. टोपाखाली पिठाची स्वतःची वाफ कोंडते, बाहेरून पाणी घालायची गरजच उरत नाही. बारा मिनिटांनी जाड मोजे घालून टोप काढायचा. त्या वेळी ब्रुन फुगलेला, फिकट आणि तुकतुकीत दिसतो. मग तापमान २०० वर आणून आणखी अठरा-वीस मिनिटं.

आणि शेवटी सुकवणं, ज्याने माझ्या कवचात सगळ्यांत मोठा फरक पडला. ओटीजी बंद करून दारात लाकडी उलथनं अडकवायचं आणि ब्रुन दहा मिनिटं आतच ठेवायचे. उरलेल्या उष्णतेत वाफ बाहेर पडत राहते आणि कवच जाड होतं. विटांच्या भट्टीत हे आपोआप होतं, कारण विटा उष्णता धरून ठेवतात आणि ती हळूहळू सोडतात. पत्र्याच्या ओटीजीत ती पकड नाही, म्हणून बिडाचा तवा आणि हा शेवटचा मुक्काम.

भट्टीचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तेव्हापासून ‘आता ब्रुनची चव गेली’ असं बऱ्याच जणांकडून ऐकलं. मला हवा स्वच्छ हवी आहे आणि ब्रुनही हवा आहे, आणि घरच्या अनुभवावरून मला वाटतं की दोन्ही मिळू शकतं. कवच घडतं ते साठवलेल्या उष्णतेने आणि कोंडलेल्या वाफेने. माझ्या विजेच्या ओटीजीत लाकडाचा कण नाही, तरी करकर येते. जपायची आहे ती भट्टीची जाड विटांची घुमटी आणि तिच्यासमोर उभ्या कारागिराचा अंदाज. खरी काळजी आहे ती खर्चाची. छोट्या बेकरीला नवी भट्टी बांधायची तर पैसा लागतो आणि तेवढे दिवस धंदा बंद राहतो. पावाचा भाव दोन रुपयांनी वाढला तर आपण कुरकुर न करता द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

मावा केकचं थोडक्यात. बी. मेरवानचा मावा केक खायचा तर सकाळी लवकर जावं लागायचं, उशिरा गेलं की संपलेला. २०१४ साली, शंभरी भरली त्याच वर्षी, ते बंद होणार अशी बातमी आली तेव्हा शेवटचा केक मिळावा म्हणून लोकांनी रांगा लावल्या होत्या. पुढे ते पुन्हा सुरू झालं. त्या केकमध्ये मला आवडायचं ते हे की कागदाला लागलेली कड तपकिरी आणि किंचित चिवट असायची, आणि मध्य ओलसर. वेलची मागून यायची, आधी मावा.

घरी मी १२० ग्रॅम मावा, १०० ग्रॅम लोणी, १८० साखर, ३ अंडी, १६० मैदा, एक चमचा बेकिंग पावडर आणि चार चमचे दूध घेते. मावा घरीच आटवते. म्हशीच्या लिटरभर दुधाचा दोनशे ग्रॅमच्या आसपास होतो, आणि विकतच्या माव्याच्या ताजेपणाची शंका राहत नाही. मावा खोलीच्या तापमानाला आणून, किसून, मग लोण्याबरोबर फेटायचा. गार माव्याच्या गुठळ्या राहतात आणि त्या भाजताना तळाशी बसतात. तापमान १६० च्या वर नेऊ नका. माव्यात दुधातली साखर आणि प्रथिनं दाटलेली असतात, वरचा रंग झटकन चढतो आणि मध्य कच्चा राहतो. भाजल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी हा केक जास्त चांगला लागतो, म्हणून शनिवारी रात्री करून ठेवावा.

ब्रुनकडे परत. जाळी सुटसुटीत करण्यासाठी पुढच्या रविवारांत दोन गोष्टी बघणार आहे, एका वेळी एकच. पहिली, पाणी ६२ वरून ६५ टक्क्यांवर नेणं, पण जास्त प्रथिनांचा ब्रेडचा मैदा त्याच मैद्यात दहा टक्के मिसळून. दुसरी, उंडे वळताना हात हलका ठेवणं. मी उंडा फार आवळून वळते आणि घट्ट जाळीचं कारण तेच असावं, असा माझा दाट संशय आहे. तुमच्यापैकी कुणाकडे गॅसचा ओव्हन असेल तर टोपाची युक्ती तिथे करून बघा. गॅस ओव्हनला हवा खेळायला झरोके असतात, वाफ थांबतच नाही, त्यामुळे टोपाचा फायदा ओटीजीपेक्षाही जास्त दिसायला हवा. टोप किती मिनिटांनी काढलात आणि बूड कसं आलं, तेवढं नक्की कळवा.