स्टेशन ते स्टेशन : गाडीविना इंग्लंड, चौथ्या चालीनंतरची नोंद

ठरवलेल्या सहा पायी चालींपैकी चार झाल्या, दोन राहिल्या. आजवरचं अंतर अंदाजे ५६ किलोमीटर. चारचाकीत एकदाही बसले नाही.

नव्या मंडळींसाठी नियम पुन्हा सांगते. एका स्टेशनवर उतरायचं, डोंगर ओलांडायचा आणि दुसऱ्याच स्टेशनवरून परतीची गाडी धरायची. निघाले तिथे परत यायचं नाही. मला गाडी चालवता येत नाही. शेफिल्डला ताईकडे मुक्काम आहे आणि ताई-भावजी दोघंही नोकरीत अडकलेले. पहिल्या दिवशी ताई म्हणाली, "अगं, गाडीशिवाय तू खेड्यापाड्यांत जाऊन बघणार काय?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. गाडी घेऊन जाणाऱ्याला संध्याकाळी गाडीपाशी परतावंच लागतं, त्यामुळे त्याची प्रत्येक चाल गोल होते. मला डोंगराच्या एका अंगाने चढून दुसऱ्या अंगाने उतरता येतं. आपण घाटवाटा करतो तशाच या चाली आहेत: एका वाटेने कोकणात उतरायचं, दुसरीने वर यायचं, मधलं अंतर एसटीने जोडायचं. इथे एसटीच्या जागी रेल्वे.

आणि इथल्या पायवाटा! इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटरच्या वाटांवर लोकांना चालण्याचा कायदेशीर हक्क आहे. वाट कुणाच्या शेतातून, गोठ्यामागून, अगदी अंगणाच्या कडेने जात असली तरी ती सगळ्यांची. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी मुखपृष्ठाचा एक्स्प्लोरर नकाशा घ्या, १:२५,००० प्रमाणाचा. त्यात या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. आखूड रेषा म्हणजे पायी जायची वाट, लांब रेषा म्हणजे घोडा-सायकलही चालेल अशी. गुलाबी मुखपृष्ठाचा लँडरेंजर १:५०,००० चा असतो. तो बस-रेल्वेचा बेत आखायला उत्तम, पण शेतांतून जाताना पुरत नाही, कारण त्यात शेतांच्या कडेचे गडगे दिसत नाहीत. इथे निम्मी दिशा गडग्यांवरूनच कळते. हो, गडगेच. आपल्या कोकणात असतात तसे, चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले, मैलोन्‌मैल.

पहिली चाल दक्षिणेतली, लंडनला मैत्रिणीकडे होते तेव्हाची : सीफर्ड ते ईस्टबोर्न, साधारण २२ किलोमीटर, खडूच्या पांढऱ्या कड्यांवरून. कड्यांच्या या रांगेला सात बहिणी म्हणतात. चढउतार लहान, पण एकामागून एक येत राहतात आणि पोटऱ्यांचा कस लागतो. ककमीअर नदीच्या मुखाशी पूल नाही. समोर पलीकडचा कडा दिसत असतो, तरी आत एक्सीटच्या पुलापर्यंत जाऊन परत समुद्राकडे यावं लागतं. वेळ मोजताना हा वळसा विसरू नका. पुढे बेल टाउट नावाचं जुनं दीपगृह लागतं. कडा ढासळत त्याच्या पायाशी आला, म्हणून १९९९ मध्ये ती सबंध इमारत उचलून १७ मीटर मागे सरकवली. हे ऐकल्यावर कड्याच्या टोकाशी फोटो काढायला मी गेले नाही. तुम्हीही जाऊ नका. खालून खडू कधी सुटेल ते वरून दिसत नाही. शेवटी १६२ मीटर उंचीचं बीची हेड आणि मग उतार थेट ईस्टबोर्नमध्ये.

दुसरी चाल एडल ते होप. मँचेस्टर आणि शेफिल्डच्या मधून जाणारी ही होप व्हॅली लाइन आमच्या छंदासाठीच घातली असावी असं वाटतं. एडल, होप, बॅमफर्ड, हॅदरसेज, ग्रिंडलफर्ड ही सगळी स्टेशनं डोंगराच्या पायथ्याशी, आणि शेफिल्डहून एडलला जायला पाऊण तासही लागत नाही. एडलला उतरून दक्षिणेकडे मॅम टॉर चढले, ५१७ मीटर. माथ्यावर प्राचीन कोटाचे मातीचे बांध आहेत. पूर्वेची बाजू मात्र सतत ढासळते. खालचा मोठा रस्ता दरडींनी इतका फाटला की १९७९ मध्ये तो कायमचा बंद झाला. त्या रस्त्याच्या उलथलेल्या डांबराचे थर आजही तसेच पडून आहेत. मॅम टॉरवरून धार सुरू होते: हॉलिन्स क्रॉसची खिंड, बॅक टॉर, मग लूज हिल. डावीकडे एडलचं खोरं, उजवीकडे कासलटन. एडलला चर्च नव्हतं त्या काळात गावातली प्रेतं याच खिंडीतून खांद्यावर कासलटनला नेत. खिंडीत बसून मी पोळीभाजी खाल्ली, मग धारेने लूज हिलवर जाऊन होपला उतरले. सारे मिळून ११ किलोमीटर. होप स्टेशन गावाबाहेर जवळजवळ एक किलोमीटरवर आहे, तेवढी वेळ राखून ठेवा.

धारेवरून उत्तरेला किंडर स्काउटचं पठार दिसतं, ६३६ मीटर. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर परिसरातल्या काही शे कामगार तरुणांनी त्या खासगी, शिकारीसाठी राखलेल्या डोंगरावर मुद्दाम घुसखोरी केली. बेनी रॉथमन त्यांचा पुढारी. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१ मध्ये हाच डोंगराळ पट्टा, म्हणजे पीक डिस्ट्रिक्ट, देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. गिरण्यांत आणि कारखान्यांत राबणारी ती पोरं रविवारी डोंगरात यायची ती मोटारी होत्या म्हणून नाही. ती रेल्वेने, बसने, सायकलने आणि पायीच यायची. गाडीविना डोंगरात जाणं हीच इथली जुनी रीत आहे. एडलच्या फलाटावर उतरताना हे मनात होतं आणि ऊर भरून आला होता.

तिसरी चाल छोटी : हॅदरसेज ते ग्रिंडलफर्ड, नऊ किलोमीटर, पॅडली गॉर्जमधून उतरून. जुनं ओकचं रान, शेवाळलेले धोंडे, मधून ओढा. रानात आणि माळावर जात्याच्या पाळ्या पडून आहेत. इथल्या खरबरीत दगडाची जाती घडवण्याचा धंदा बसला तेव्हा घडलेला माल जिथल्या तिथे राहिला. जात्याचा हा दगडच राष्ट्रीय उद्यानाचं चिन्ह आहे. पाऊस असेल त्या दिवशी ही चाल करा, रान डोक्यावर असतं.

आता चौथी, जिच्यासाठी ही नोंद लिहायला बसले : रिबलहेड ते डेंट, सेटल-कार्लाइल लाइनवर. १४ किलोमीटर.

ही लाइन १८७६ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाली. रिबलहेडला उतरलं की समोर चोवीस कमानींचा पूल, ४०० मीटर लांब, ३२ मीटर उंच, ओसाड माळावर एकटाच. वाट त्याच्या कडेने जाते. पुलाखालच्या दलदलीत तेव्हा हजारो मजुरांच्या झोपड्या होत्या. अपघात आणि देवीची साथ यांत गेलेले मजूर, त्यांच्या बायका-मुलं अशी दोनशेहून जास्त माणसं जवळच्या चॅपल-ले-डेलच्या चर्चच्या आवारात पुरली आहेत. मला बोरघाट आठवला. तिथला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या बोगद्यांतून गाडीने किती वेळा गेले असेन. तिथे गेलेल्या मजुरांचा विचार मात्र इथे, या पुलाखाली उभी असताना पहिल्यांदा आला.

पुढे वाट ब्ली मूरवर चढते. खाली सुमारे २,४०० मीटर लांबीचा बोगदा, वर आपण. माळावर विटांची गोल धुराडी दिसतात, ती बोगद्याची हवा-विवरं. त्यांच्या रांगेने चालत गेलं की धुक्यातही चुकायला होत नाही. कापूसगवताचे पांढरे गोंडे, पायाखाली पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, काळी माती, आणि कर्ल्यू पक्ष्याची लांबत जाणारी शीळ. दीड तासात दोन माणसं भेटली. मग उतार, डेंट हेडचा दहा कमानींचा पूल, आणि दरीतून ओढ्याकाठचा शांत डांबरी रस्ता.

इथे माझं चुकलं. डेंट हे इंग्लंडमधलं मुख्य मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन, समुद्रसपाटीपासून ३५० मीटर. गाव सहा किलोमीटर दूर आणि कितीतरी खाली. मी दरीत रमतगमत चालले आणि शेवटी स्टेशनचा खडा चढ समोर आला तेव्हा गाडीला पंचवीस मिनिटं होती. मध्ये दोनदा थांबावं लागलं. फलाटावर पोचले तेव्हा चार मिनिटं उरली होती. या लाइनवर पुढची गाडी दोन-दोन तासांनी असते आणि डेंट स्टेशनपाशी चहाची टपरीसुद्धा नाही. म्हणून माझा ठाम सल्ला : ही चाल उलटी करा. डेंटला उतरा, तो चढ उतार म्हणून पायाखाली घाला आणि रिबलहेडला संपवा. तिथे स्टेशनलगत पब आहे, गाडीची वाट बघणं सुखाचं होतं, आणि पूल शेवटी, संध्याकाळच्या उन्हात भेटतो.

वेळेचा हिशोब मी नेस्मिथच्या १८९२ च्या नियमाने करते : पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. त्यावर माझा स्वतःचा एक तास. आणि परतीसाठी कधीही शेवटची गाडी धरायची नाही, शेवटून दुसरी धरायची. शेवटची फक्त हाताशी ठेवायची. मुक्कामी एसटी चुकल्यावर देवळात झोपलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

बसबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये २०२५ पासून बहुतेक बसचं एकेरी तिकीट जास्तीत जास्त ३ पौंड. खेड्यातल्या थांब्यावर हात दाखवावाच लागतो, नाहीतर बस निघून जाते. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, काही मार्गांवर नसतंच. एका रविवारी थांब्यावर लावलेल्या कागदावर विसंबून मी सव्वा तास उभी राहिले. तो कागद जुना होता. शेवटी सहा किलोमीटर चालत स्टेशन गाठलं. आता आदल्या रात्री वेळ ऑनलाइन तपासते आणि नकाशावर जवळच्या स्टेशनापर्यंतची पायवाट आधीच पेन्सिलने काढून ठेवते. ती असली की बस आली नाही तरी घाबरायला होत नाही.

सेटल-कार्लाइल लाइन आज आहे ती माणसांनी भांडून ठेवलेली आहे, हेही सांगायला हवं. १९७० मध्ये सेटल आणि ॲपलबी सोडून मधली सगळी स्टेशनं बंद झाली. १९७५ पासून चालणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारी खास गाड्या सुरू झाल्या, १९८६ मध्ये आठ स्टेशनं पुन्हा रोजची झाली, आणि लाइनच बंद करायचा घाट १९८९ मध्ये मोडला. हरकत घेणाऱ्यांत रस्वार्प नावाचा एक कुत्राही होता. त्याने पंजाचा ठसा उमटवला होता. गार्सडेल स्टेशनवर त्याचा पुतळा आहे.

पाचवी चाल तिथूनच निघेल : गार्सडेल ते कर्कबी स्टीव्हन, मॅलरस्टँगच्या खोऱ्यातून. नकाशावर दोरा ठेवून मोजलं तर वीसेक किलोमीटर. पश्चिमेला वाइल्ड बोर फेल, ७०८ मीटर, पूर्वेला मॅलरस्टँग एज, आणि दोहोंच्या मधून रेल्वे. पश्चिमेची धार उंच, पण तिथे ढग लवकर उतरतात असं वाटतं. पूर्वेची सपाट, पण पीटमध्ये पाय रुतणार. इथे कुणी चाललं असेल तर सांगा, शनिवारच्या सकाळच्या गाडीआधी ठरवायचं आहे.