आईचं पित्त आणि बिचारं वांगं

आईला गेल्या वर्षी गणपतीच्या आधी पित्त उठायला लागलं. आंबट ढेकरवालं पित्त नाही, अंगावर उठतं ते. मनगटावर, पोटावर, परकराची नाडी बांधते तिथे लाल गांध्या, रात्री खाजवून खाजवून जीव नकोसा आणि सकाळी बघावं तर तिथे काहीच नाही, संध्याकाळी परत दुसरीकडे. आमसुलाचं पाणी लावलं, तेवढ्यापुरतं थंड वाटायचं. मग जो येईल तो एक पदार्थ बंद करायला सांगून जायचा, आधी वांगं, मग अंडी, शेंगदाणे, तूरडाळ. दोन महिन्यांत ती मुगाच्या वरणभातावर आली, वजन उतरलं आणि गांध्या तशाच. ते ताट आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी नीट समजावलं, मग मीही वाचत गेले. आपल्या कातडीत मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, आत बारीक दाणे ठासून भरलेले. 1878 मध्ये पॉल एर्लिख नावाच्या 24 वर्षांच्या जर्मन मुलाने रंग वापरून त्या ओळखल्या, त्याला वाटलं खाऊन खाऊन फुगल्यात म्हणून त्याने तसंच नाव ठेवलं. पण ते दाणे म्हणजे अन्न नाही, त्यात हिस्टामिन असतं. पेशी खवळली की काही मिनिटांत ते बाहेर येतं, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, तीच गांधी, आणि नसा चाळवतात ती खाज.

आता खऱ्या ॲलर्जीत, म्हणजे कुणाला कोळंबी चालत नाही वगैरे, मास्ट सेलवर आयजीई नावाची अँटीबॉडी (शरीर बाहेरच्या गोष्टींशी लढायला बनवतं ते प्रथिन) आधीच बसलेली असते आणि कोळंबी आली की ती पेशीला उठवते. आईचं तसं नव्हतं. सहा आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज उठतं आणि बाहेरचं कारण सापडत नाही, त्यात बऱ्याच जणांच्या स्वतःच्याच अँटीबॉडी मास्ट सेलला डिवचत असतात. वांग्याचा काय संबंध! उलट अंगदुखीला ती घ्यायची त्या पेनकिलरने हे वाढू शकतं, आणि ते मात्र आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं.

आणि गोळी. अंगावर पित्त उठलं की आई सेट्रिझिन घ्यायची. पण ही गोळी मास्ट सेलला थांबवत नाही, हिस्टामिन जिथे जाऊन चिकटतं ती जागा अडवते, म्हणजे ते बाहेर पडायच्या आधी गोळी तिथे हवी. म्हणून रोज, ठरल्या वेळी, खाज नसली तरी. एका गोळीने भागलं नाही तर डॉक्टर डोस चौपटीपर्यंत नेतात (आपल्या मनाने नाही हं), त्यानेही नाही झालं तर ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन, दर चार आठवड्यांनी, ते आयजीईलाच धरून ठेवतं. महाग आहे.

एक मात्र कळकळीने सांगते. गांध्यांबरोबर श्वास लागला, आवाज बसला, जीभ सुजली किंवा चक्कर आली तर आमसूलही नको आणि सेट्रिझिनची वाटही बघू नका, थेट इमर्जन्सी. तिथे मांडीत अ‍ॅड्रिनॅलिन देतात, जीव त्याने वाचतो.

आईचं सध्या दोन गोळ्यांवर चाललंय, आठवड्यात एखाद दिवस उठतं. वांगं, अंडी, तूरडाळ सगळं परत सुरू झालंय, शेंगदाण्याला मात्र ती अजून हात लावत नाही, भीती बसलीय.