मोज्यात घातलेल्या सहा बाटल्या

घरच्या घरी लेबल झाकून वाइन चाखायची स्पर्धा ठेवायची असेल, तर ती रंगणार की फसणार हे दुकानातच ठरतं. "परवडेल ती एकेक बाटली आणा" असं सांगितलं की एकजण लाल शिराझ आणतो, एकजण गुलाबी रोझे, तिसऱ्याच्या हातात गोडसर पांढरी शेनिन. मग ओळखायचं काय? रंग दिसतो, गोडी जिभेला लागते, खेळ तिथेच संपतो. म्हणून मी सगळ्या बाटल्या एकाच फेरीत, एकाच मोठ्या चेनच्या दुकानातून घेतो. द्राक्ष एकच, लेबलावरचं साल एकच आणि बाटलीला कमाल १२०० रुपये. सहा बाटल्यांचे जास्तीत जास्त ७२०० होतात, आठ जणांत वाटले की माणशी ९००.

द्राक्ष म्हणून मी सॉव्हिन्यो ब्लाँ हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष धरतो. मुंबईतल्या मोठ्या दुकानात सुला, यॉर्क अशा नाशिकच्या, फ्रातेलीची अकलूजची, ग्रोव्हरची, अशा चार-पाच वाइन उत्पादकांच्या बाटल्या या दरात बहुधा मिळून जातात. शेनिन टाळतो, कारण कुणाची कोरडी (म्हणजे गोडी नसलेली) तर कुणाची गोडसर असते. गोडसर वाइननंतर कोरडी तोंडात घेतली की ती उगाच आंबट लागते. पेढा खाऊन चहा प्यायला की चहा अगोड लागतो, तसंच. परदेशी बाटली या खेळात घेत नाही. आयात वाइनवर वर्षानुवर्षं जबर सीमाशुल्क राहिलं आहे, त्यामुळे इथे १२०० ला मिळणारी परदेशी बाटली मुळात बरीच हलकी असते आणि तुलना अन्यायाची होते.

वाइन पाच प्रकारच्या, बाटल्या सहा. एक प्रकार दोनदा घ्यायचा आणि कुणाला सांगायचं नाही कोणता. या जुळ्या बाटल्या घेताना दोन्हींवरचा बॅच नंबर जुळवून बघा. बॅच वेगळी असेल तर चवही थोडी वेगळी लागू शकते, आणि मग ज्याला तो फरक कळला त्याचेच गुण जातात.

शेल्फवरून बाटली उचलताना माझं सगळं लक्ष उष्णतेकडे असतं. रात्री दुकान बंद झालं की एसीही बंद होतो, आणि रस्त्याकडच्या काचेलगतचं शेल्फ दिवसभर तापतं. तिथली बाटली घेऊ नये. बूच तोंडापेक्षा वर आलेलं, टोपीखाली चिकट ओघळ, मानेतली पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली, यातलं काहीही दिसलं तर ती तापलेली समजा. अशा वाइनला ताज्या कैरीऐवजी शिजवलेल्या फळाचा वास येतो. पारदर्शक काचेची आणि ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असलेली बाटलीही नको. उजेडाने वाइन बिघडून उकडलेल्या कोबीसारखा वास मारते. साल शक्य तितकं अलीकडचं घ्यावं. नाशिकची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च होते, म्हणजे लेबलावरचं साल त्याच हिवाळ्याचं. ही वाइन ताजेपणासाठीच प्यायची असते, दोन वर्षांपलीकडची मी घेत नाही. ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्यांचा मोह आवरा: ५० मिलीच्या मापाने त्यात सातच जणांचं भागतं. ७५० मध्ये पंधरा मापं निघतात, म्हणजे आठ जणांना देऊनही पुन्हा चाखायला उरते.

आता झाकणं. वर्तमानपत्र मुंबईच्या दमट हवेत टिकत नाही. फ्रिजमधून काढलेल्या थंड बाटलीवर लगेच दव धरतं, दहा मिनिटांत कागद भिजून लेबलाला चिकटतो आणि अक्षरं आरपार दिसू लागतात. जाड, धुतलेला, लांब मोजा उत्तम. पाणी तो शोषतो आणि बाटलीच्या खांद्याचा आकारही लपवतो. मानेवरचे स्क्रूचे आटे किंवा बूच दिसलं तरी ओळख पटते, त्यामुळे टोप्या आधीच काढून ठेवायच्या आणि ओतायचं स्वयंपाकघरातच. बाटल्या मी मोज्यात घालतो आणि तळाला खूण करतो. क्रम लावून १ ते ६ आकडे दुसरं कुणीतरी देतं. म्हणजे मलाही खेळता येतं.

थंड करायला फ्रिजमध्ये तीन तास. वेळ नसेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ, वीस-पंचवीस मिनिटं. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते, बाटली हळू गार होते. मोजा मग पुसून कोरड्या केलेल्या बाटलीवरच चढवायचा. सगळ्या एकदम बाहेर काढू नका. सहावी येईपर्यंत ती कोमट होते आणि दारूचा उग्रपणा नाकात चढतो, मग बिचारी विनाकारण शेवटची येते. एक काढा, आठ ग्लास ओता, परत ठेवा.

फोडणी, अगरबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा यातलं काही त्या तासाभरात घरात नको. खायला फक्त साधा लादी पाव आणि पाणी, शेव-फरसाण निकालानंतर. दोन वाइनच्या मध्ये ग्लास पाण्याने विसळला तर तळाशी थेंब राहतात, त्यापेक्षा पुढच्याच वाइनचा चमचाभर फिरवून टाकावा. थुंकायला एक मोठं स्टीलचं पातेलं ठेवा आणि ते वापरायला कुणी लाजू नये.

गुण शंभरपैकी देऊ नका. कुणी नव्वदच्या खाली उतरत नाही, कुणी साठच्या वर चढत नाही. प्रत्येकाने फक्त आवडीचा क्रम लावायचा, १ ते ६. क्रमांकांची बेरीज सगळ्यात कमी ती बाटली पहिली. खेळाडूंसाठी वेगळे गुण: जुळी जोडी ओळखली तर ५, सगळ्यात स्वस्त ओळखली तर २. सहातून जोड्या होतात पंधरा, म्हणजे नुसत्या अंदाजाने ते ५ गुण पंधरात एकदाच मिळतील. चिठ्ठ्या गोळा झाल्याशिवाय कुणी "कैरी", "पेरू", "ढोबळी मिरची" असं मोठ्याने म्हणू नये. एकदा कानावर पडलं की सगळ्यांना तोच वास येतो.

महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ आहे, तेव्हा पाहुण्यांची यादी तशीच करा. तारीख ठरवताना ड्राय डे बघून घ्या. खरेदी आदल्या संध्याकाळी करा आणि बाटल्या दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.