अंगठा हलवू नकोस

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं तेव्हा मी मशीनवर होतो. शाळेविषयी लिहा म्हणे. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच, मी भूमितीच्या सरांविषयी लिहितो.

दहावी ब, मधल्या सुट्टीनंतरचा तास. सर फळ्यावर समरूप त्रिकोण (आकार तोच, माप लहानमोठं) काढत होते आणि मी रबरात कागदाची गोळी अडकवून पुढच्या बाकावर नेम धरला होता. गोळी गेली ती थेट फळ्यावर.

"खिशात आणखी किती आहेत रे?"

सात रबरं निघाली. आता छडी, असं वाटलं. सरांनी दोन रबरं एकमेकांत गुंतवून गाठ मारली, एक टोक फळ्यावर टेकवलं आणि त्यावर माझा अंगठा दाबला. "हलवू नकोस. तू आता केंद्रबिंदू." दुसऱ्या टोकात खडू. सरांची नजर फक्त गाठीवर. गाठ लहान त्रिकोणाच्या बाजूंवरून फिरली, तसा पलीकडे खडूनं मोठा त्रिकोण उमटला. आधी वाकडाच आला. माझं एक रबर सैल होतं, गाठ मधोमध राहीना. ते फेकून दुसरं घेतलं, मग जमलं. कोन मोजले, तेच. १० सेंटिमीटरची बाजू २० झालेली, आणि मूळ बाजूला समांतर. (अंगठा एव्हाना बधिर.)

"रंगवायला रंग किती लागेल?"

"दुप्पट, सर."

सरांनी काही न बोलता मोठ्या त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले. आत चार त्रिकोण, चारही पहिल्याएवढे. को-को कसोटी (दोन कोन जुळले की त्रिकोण समरूप), क्षेत्रफळांचं प्रमेय, सगळं घोकलेलं होतं. दिसलं त्या दिवशी.

आज सांगलीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, दोन बाय तीनचा बोर्ड डबल करा, पैसेही डबल घ्या. सहाचे चोवीस चौरस फूट होतात, हे मी चार चौकोन काढूनच दाखवतो. परवा नव्या पोरानं वाढदिवसाच्या बोर्डावरचा फोटो नुसता आडवा ओढला, साहेबांचे गाल फुगले. "अरे, समरूप राहिलं का ते?" म्हणून ओरडलो. त्याला काही कळलं नाही.

आपल्या वर्गात आता डिजिटल फळा आहे म्हणतात. असेल.

सर निवृत्त होऊन गावी गेले. दिवाळीत जाऊ, मे महिन्यात जाऊ, असं करत राहून गेलं. ते गेल्याचंही मला चार महिन्यांनी कळलं. त्या दिवशी उरलेली सहा रबरं त्यांनी टेबलाच्या खणात टाकली होती, ती मी कधी मागितली नाहीत.