एकच कोड, दोन आकडे

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात एका रुग्णालयसमूहाच्या संशोधन विभागात मी माहिती-विश्लेषक म्हणून काम करतो. निरनिराळ्या यंत्रणांतून येणाऱ्या प्रत्येक मोजमापाला योग्य तो लॉइंक कोड, म्हणजे त्या मोजमापाची सर्वत्र सारखी सांकेतिक ओळख, जोडणे, हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. एकाच तपासणीला प्रत्येक प्रयोगशाळा वेगळे नाव देत असल्यामुळे इंडियानापोलिसच्या रेगेनस्ट्रिफ संस्थेने १९९४ साली ही पद्धत सुरू केली. पुढे रक्त-लघवीच्या तपासण्यांपलीकडे जाऊन रुग्णाच्या सामाजिक परिस्थितीच्या मोजमापांनाही कोड मिळाले आणि वेगवेगळ्या वंशांचे लोक शहरात एकमेकांपासून किती अलग राहतात, हे सांगणारे निर्देशांकही त्यात आले.

त्या दिवशी दोन गटांकडून दोन फायली आल्या. दोन्हींत कोड एकच होता, शहर एकच होते, जनगणनेचे वर्षही एकच होते. मात्र डिसिमिलॅरिटी इंडेक्सचे, म्हणजे दोन समूह एकमेकांपासून किती अलग राहतात हे शून्य ते एक या मापात सांगणाऱ्या निर्देशांकाचे, आकडे वेगळे होते. गणित दोघांचेही बरोबर निघाले. पहिल्या गटाने ते सेन्सस ट्रॅक्टवरून, म्हणजे सरासरी चार हजार वस्तीच्या विभागांवरून केले होते, तर दुसऱ्याने त्याहून लहान ब्लॉक ग्रुपवरून.

दुपारच्या बैठकीत मी फळ्यावर एक काल्पनिक शहर मांडले. एका भागात ८०० कृष्णवर्णीय आणि २०० श्वेतवर्णीय, दुसऱ्या भागात २०० कृष्णवर्णीय आणि ३,८०० श्वेतवर्णीय. प्रत्येक भागात कृष्णवर्णीयांपैकी किती टक्के आणि श्वेतवर्णीयांपैकी किती टक्के लोक राहतात, यांतील फरकांची चिन्हे सोडून बेरीज करायची आणि तिची निम्मी घ्यायची, की निर्देशांक मिळतो. येथे तो ०.७५ येतो. आता दुसऱ्या भागाचेच दोन तुकडे करा : एकात ते सगळे २०० कृष्णवर्णीय आणि ४०० श्वेतवर्णीय, दुसऱ्यात उरलेले ३,४०० श्वेतवर्णीय. निर्देशांक ०.८५ होतो. कोणीही घर बदललेले नाही, बदलली ती केवळ नकाशावरची रेघ. रेघ कोणती होती, हे आमच्या फायलींत कोठेही नोंदलेले नव्हते, आणि कोड सारखा असल्यामुळे दोन्ही आकडे एकाच रकान्यात निमूटपणे जाऊन बसले असते.

माझ्या दृष्टीने प्रश्न येथे संपला होता. बैठकीला शहराच्या उत्तर भागातील, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील, दवाखान्यात काम करणाऱ्या एक ज्येष्ठ परिचारिका होत्या; त्यांच्या दृष्टीने तो येथे सुरू झाला. त्यांनी विचारले, ‘‘हा आकडा माझ्या रुग्णाच्या नोंदीत दिसणार आणि पलीकडच्या उपनगरातल्या श्वेतवर्णीय रुग्णाच्या नोंदीतही हाच दिसणार का?’’ मी होकार दिला, कारण हा निर्देशांक संपूर्ण शहराचा असतो आणि दोन्ही समूहांसाठी एकच असतो. ‘‘मग तो माझ्या रुग्णाबद्दल काय सांगतो?’’

मिलवॉकीत हा प्रश्न पुस्तकी नाही. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशभेद करण्यास बंदी घालावी, या मागणीसाठी १९६७ च्या ऑगस्टपासून येथे सलग २०० रात्री मोर्चे निघाले आणि ते उत्तर व दक्षिण भागांना जोडणाऱ्या सोळाव्या रस्त्याच्या पुलावरून गेले. त्या परिचारिकेच्या आई त्या मोर्च्यांत चालल्या होत्या. मलाही गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय, हे कळण्यासाठी कधी निर्देशांक लागला नव्हता. तरीही मोजमापाची गरज मी मानतो, कारण आजार आणि वस्ती यांचा संबंध संशोधनात तपासायचा, तर दोन शहरे तुलनेला घ्यावी लागतात, आणि तुलनेला आकडा लागतो.

त्यांच्या प्रश्नाचे काहीसे उत्तर आयसोलेशन इंडेक्समध्ये मिळते. एका समूहाच्या सरासरी माणसाच्या विभागात त्याच समूहाचे लोक किती प्रमाणात आहेत, हे तो सांगतो, आणि तो समूहागणिक वेगळा असतो. फळ्यावरच्या मूळ शहरात तो कृष्णवर्णीयांसाठी ०.६५ आणि श्वेतवर्णीयांसाठी सुमारे ०.९१ आला, आणि खोलीतील काही जण चपापले. ‘विलग’ म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उत्तर भाग येतो. आपल्याच लोकांत सर्वाधिक राहणारे मात्र उपनगरवाले निघाले. अर्थात ते तेथे संख्येनेही अधिक आहेत आणि निवडीचे स्वातंत्र्यही त्यांना अधिक होते, हे निर्देशांक सांगत नाही. शिवाय हीदेखील समूहाची सरासरीच आहे. एखाद्या रुग्णाच्या गल्लीचे वर्णन तिच्यातून मिळत नाही.

हे आकडे रुग्णाच्या नोंदीत, रक्तदाबाच्या शेजारी ठेवू नयेत, असे मी सुचवले आणि बऱ्याच वादानंतर ते मान्य झाले. ते आता शहरांच्या वेगळ्या तक्त्यात राहतात, आणि प्रत्येक आकड्यासोबत कोडखेरीज भौगोलिक एकक, जनगणनेचे वर्ष, कोणत्या दोन समूहांची तुलना केली ते आणि शहराची हद्द कोठपर्यंत धरली ते लिहावे लागते. दोन्ही फायलींतील आकडे आम्ही ठेवले. एका रकान्याचे पाच झाले, अशी संशोधकांची तक्रार आली. त्यांतील एकही कमी करण्यास मी तयार नाही, असे मी त्यांना त्याच संध्याकाळी लेखी कळवले.