आधी गोळी की आधी सलाईन?

मंगळवार पेठेतील आमच्या शेजाऱ्यांच्या थोरल्या भावाला तळपायाच्या मेलॅनोमाचे, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाचे, निदान झाले, तेव्हा गाठ जांघेपर्यंत पोहोचलेली होती. करवीर तालुक्यात त्यांची उसाची शेती आहे. तळव्यावरचा काळा डाग काट्याचा वण समजून वर्षभर कोणी मनावर घेतला नाही. गोऱ्या लोकांमध्ये हा कर्करोग बहुधा उन्हाने भाजलेल्या त्वचेवर होतो. आपल्याकडे तो तळपायावर आणि नखाखाली अधिक सापडतो, आणि म्हणूनच उशिरा कळतो. तपासणीत बीआरएफ जनुकातील बदल आढळला. पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र त्यावरची गोळी बाजूला ठेवून प्रतिकारशक्तीचे सलाईन सुरू केले. मी जीवशास्त्र शिकवतो एवढ्या आधारावर शेजाऱ्यांनी मला गाठले. "सर, गोळी हाय म्हणत्यात, मग सलाईन कशाला?"

प्रश्न रास्त होता. ही दोन्ही औषधे अमेरिकेत २०११ मध्येच मंजूर झाली: मार्चमध्ये इपिलिम्युमॅब हे सलाईन आणि ऑगस्टमध्ये व्हेम्युराफेनिब ही गोळी. गोळी पेशीच्या वाढीचा अखंड चालू राहिलेला संदेश तोडते आणि गाठी काही आठवड्यांत विरघळू लागतात. पण मला तिचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा वाटतो. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूंवर ठेवून बाहेर दाखवत असते आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्यावरूनच आपला कोण, परका कोण हे ओळखतात. बीआरएफचा संदेश जोरात चालू असतो तोवर मेलॅनोमा पेशी मार्ट-१ सारखी ओळख पटवणारी प्रथिने कमी बनवते, म्हणजे एका अर्थाने तोंड झाकून वावरते. गोळीने संदेश थांबला की ही प्रथिने पुन्हा वाढतात, आणि उपचार सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत घेतलेल्या गाठीच्या तुकड्यांमध्ये टी-पेशींची गर्दी झालेली दिसते.

सलाईन याच टी-पेशींवरचा लगाम सैल करते, त्यामुळे एवढेच वाचले तर आधी गोळी, मग सलाईन हाच क्रम कोणालाही सुचेल. मलाही बरीच वर्षे तोच पटत होता. अडचण अशी की हे दार फार काळ उघडे राहत नाही. एकट्या गोळीला मेलॅनोमा साधारण सहा-सात महिन्यांत दाद देईनासा होतो, आणि त्या वेळी टिकून राहिलेल्या अनेक पेशींनी आपली रंगपेशीची ओळखच टाकून दिलेली असते: मार्ट-१ पुन्हा नाहीसे होते, टी-पेशी पांगतात आणि जवळपास सलाईनला ऐकणारे फारसे काही उरत नाही. दोन्ही औषधे एकत्र का देऊ नयेत, हाही विचार झाला होता. परंतु व्हेम्युराफेनिब आणि इपिलिम्युमॅब एकाच वेळी देणारी पहिली चाचणी रुग्णांच्या यकृताला इजा होऊ लागल्याने २०१३ पर्यंत गुंडाळावी लागली.

क्रमाचा निवाडा ड्रीमसेक या अमेरिकन चाचणीने केला. बीआरएफमध्ये बदल असलेल्या २६५ रुग्णांपैकी काहींना आधी इपिलिम्युमॅब-निव्होलुमॅब या सलाईनची जोडी आणि काहींना आधी डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिब या गोळ्या देण्यात आल्या. आजार वाढला तर उपचारांची अदलाबदल ठरलेली होती. दोन वर्षांनी पहिल्या गटात ७१.८ टक्के, तर दुसऱ्या गटात ५१.५ टक्के रुग्ण हयात होते. सुरुवातीच्या काही महिन्यांत मात्र गोळ्यांचा गटच पुढे होता, त्यामुळे आजार झपाट्याने पसरत असेल तर डॉक्टर आजही आधी गोळीचा आधार घेतात. शिवाय चाचणीतील रुग्णांमध्ये आपल्यासारखे तळपायाचे आजार थोडेच, आणि अशा आजारात सलाईनचा गुण तुलनेने कमी येतो, हेही मी शेजाऱ्यांपासून लपवले नाही.

त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे गोळी संपल्याली न्हाई, मागं ठेवलीया." मी होकार दिला. मग सलाईनच्या पुढच्या फेरीचे बोलणे निघाले, जी तीन आठवड्यांनी होती. सैल सुटलेली प्रतिकारशक्ती आतड्यांवरही उलटू शकते, म्हणून दादांना जुलाब लागले तर ताक-भातावर निभावून न नेता त्याच दिवशी पुण्याला फोन करायचा, एवढे मात्र मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले.