हळद्याची उंची

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की आधी फूट विचारतात, मग तब्येत. "आयर्विनला किती झालं?" कृष्णेवरच्या या आयर्विन पुलाजवळ पाण्याची 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. हे आकडे आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतात. एरवी मोजमापाशी आमचं सख्य बेताचंच. "हे काय, इथंच आहे" म्हणजे कमीत कमी दीड किलोमीटर.

यंदा मात्र घरात सेंटिमीटर शिरले. लेकीनं मोबाइलवर कुत्र्यांची अजिलिटी पाहिली: दांड्यांवरून उड्या, बोगद्यातून पळ. घोड्यांच्या अडथळा-शर्यतीवरून सुचलेला हा खेळ 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढं आला. आमच्याकडे तो अंगणात दोन बादल्या आणि एका काठीवर आला. खेळाडू हळद्या. गावठी, रंगानं हळकुंडासारखा. शेजारचे काका म्हणालेच, "पळवायचं तर मुधोळ तरी आणायचं." मुधोळ या शिकारी जातीच्या कुत्र्याचं पोस्टाचं तिकीट निघालंय, 2005 साली, हे खरं. हळद्याला त्याचं काही वाटलं नाही.

आता काठी किती उंच ठेवायची? एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात कुत्र्याच्या उंचीवरून गट ठरतो. 35 च्या पुढं पण 43 सेंटिमीटरच्या आत असला तर मिडियम. 43 भरला की इंटरमिजिएट, आणि दांडी 10 सेंटिमीटरनं वर जाते. उंची डोक्यापर्यंत धरत नाहीत, खांद्याच्या उंचवट्यापर्यंत धरतात. बैलाला वशिंड असतं, साधारण तिथं.

आधी शिवणाची टेप लावली. ती अंगाच्या गोलाईवरून वळते आणि आकडा फुगवते. भिंतीशी उभं करून पेन्सिलची खूण करावी म्हटलं, तर हळद्यानं पेन्सिल खाल्ली. मग कमानच करायची ठरली: दोन उभे पाइप, वर जोड, मध्ये वरखाली सरकणारी लाकडी पट्टी.

पाइप आणायला गेलो तर दुकानदारानं विचारलं, "बेसिनला का?"

"नाही, कुत्र्याला."

त्यानं एल्बो मोजून दिले आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "गरम पाण्याची लाइन पण काढणार?"

पाइप हॅक्सॉनं कापले. पट्टी जागेवर राहावी म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर गुंडाळले. दोन्ही पाइपांवर मोजायची कागदी टेप चिकटवली, म्हणजे पट्टी तिरकी झाली तर लगेच कळावं. उभं राहायला खाली आडवे पाय जोडले. कमान देखणी झाली, हे मीच सांगायला हवं, कारण दुसरं कुणी म्हणालं नाही.

पहिलं माप 40. लेक नाचली. रात्री अंथरुणात माझ्या डोक्यात उजेड पडला: टेपचा शून्य जमिनीवर नाही, आडव्या पायांच्या वर आहे. सकाळी मोजलं तर फरक बरोबर 3 सेंटिमीटर. म्हणजे 43. ऐन काठावर!

तिथून आमच्या घरात न्यायनिवाडा सुरू झाला. अंगणाच्या फरशीला पाणी जायला उतार असतो, म्हणून हळद्याला हॉलमध्ये घेतलं. पट्टी पाठीला टेकली की तो पाठ खाली घेई. बिस्किटाचा पुडा वाजला की ताठ होई. पुलावर निदान पट्टी आणि खांब जागेवर असतात, हलतं ते पाणी. इथं माझं सगळं जागेवर होतं आणि मोजायची वस्तू शेपूट हलवत होती. पट्टी जरा दाबून धरली तर आकडा हवा तसा येतो, हेही मला त्याच दिवशी कळलं. दोनदा दाबली. लेकीनं दोन्ही वेळा पाहिलं.

शेवटी तिनं वही घेतली. रोज सकाळी, फिरून आल्यावर, पुडा नजरेआड ठेवून एक माप. सोमवारी 43.2, मंगळवारी 42.9, बुधवारी 43.

माझी आई देवापुढं वाती वळत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "चढतंय का उतरतंय?"

"स्थिर आहे, आजी," लेक म्हणाली.

हळद्या तोवर कमानीचा एक पाय चावत बसला होता.